विमानाची उजवी बाजू

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेले तीन रविवार आपल्या पत्रांच्या पानावर बोइंगचं जम्बो आणि एअरबसचं दुमजली ए-३८० या विमानांवरून जी जुंपली आहे, ती आमच्या घरी चहाबरोबर मोठ्याने वाचली जाते. वाचणारा माझा नातू, वय वर्षं एकोणीस. रविवारी इतर मुलं मॅच बघतात, हा कॅमेरा गळ्यात अडकवून कुर्ल्याच्या बाजूला विमानं उतरताना बघायला जातो. पुण्याच्या वाचकाने ए-३८० ला डोक्यावर घेतलं. नाशिकच्या वाचकाने जम्बोची म्हणजे बोइंग ७४७ ची बाजू लावून धरली. मग ठाण्याच्या एका बाईंनी दोघांनाही झोडपून ७८७ आणि ए-३५० ही दोन इंजिनांची नवी विमानं पुढे केली. पंख, इंजिनं, पल्ला, वेग सगळं आलं. तरी मला वाटतं या तिघांनी विमान कायम डाव्या अंगाने पाहिलंय. प्रवासी डावीकडून चढतात, एअरोब्रिज डावीकडे लागतो, फोटोही लोक बहुतेक तिकडूनच काढतात. जेवण उजवीकडून चढतं. मी तेहेतीस वर्षं उजवीकडे उभा होतो.

१९८१ ते २०१४ मी सहारच्या एका फ्लाइट किचनमध्ये नोकरी केली. लोडर म्हणून लागलो, लोडिंग सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. इंजिनियर नव्हे, पायलट तर नव्हेच. पण रोज रात्री चार-पाच मोठ्या विमानांच्या पोटात शिरून ट्रॉल्या लावणारा माणूस त्या विमानांबद्दल काहीच बोलू शकत नाही, असंही नाही.

जम्बोशी माझी ओळख मात्र त्याच्या आधीची. एप्रिल १९७१ मध्ये एअर इंडियाचं पहिलं ७४७, 'एम्परर अशोक', मुंबईत आलं तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि आम्ही वाकोल्याच्या चाळीत राहत होतो. अर्धी चाळ पत्र्यावर चढली होती. त्या विमानाच्या प्रत्येक खिडकीभोवती लाल रंगात राजस्थानी झरोका रंगवलेला होता. माझी आई म्हणाली, "अगं बाई, हवेलीच उडवली की." कंपनीची जाहिरातही हवेतला महाल अशीच होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्यामुळे नाशिकच्या वाचकांचं जम्बोप्रेम मला समजतं. पण त्यांनी जे लिहिलंय, की बोइंगने ए-३८० ला चारी मुंड्या चीत केलं, ते खरं नाही. आणि पुण्याचे वाचक म्हणतात की करोनाने ए-३८० चा घात केला, तेही नाही. ए-३८० चं उत्पादन बंद करत असल्याचं एअरबसने १४ फेब्रुवारी २०१९ ला जाहीर केलं. तेव्हा करोना हा शब्दही आपण ऐकला नव्हता.

आधी आमची गाडी कशी चालते ते सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. हाय-लिफ्ट म्हणजे ट्रकच. त्याचं मागचं खोकं कात्रीसारख्या पायांवर वर उचललं जातं आणि पुढची फळी विमानाच्या दारापर्यंत सरकते. ट्रक आधी थांबवायचा, खाली चार लोखंडी पाय टेकवायचे, मग खोकं उचलायचं, मग वर उभ्या माणसाने हाताने खुणा करत फळी बोट-बोट पुढे घ्यायची. फळीच्या टोकाला रबर असतं. रबर आणि विमान यांच्यात शेवटी हाताचा पंजा मावेल एवढीच फट ठेवायची. टेकवायचं नाही. विमानात माणसं आणि सामान चढतं-उतरतं तसं ते स्वतःही बोटभर खाली-वर होत राहतं, आणि टेकलेली फळी मग दाराच्या उंबऱ्याला घासते.

एका जुलैच्या रात्री आमच्याकडून ती घासली. एका परदेशी कंपनीचं जम्बो होतं. पाऊस असा की बॅटरीचा उजेड पाच पावलांवर संपत होता. रबराची पट्टी एका कोपऱ्यात निघालेली होती, ती बदला म्हणून आम्ही दोनदा लिहून दिलं होतं. दाराच्या खालच्या कडेला नखाएवढी खोच पडली. इंजिनियर आला, त्याने अंगठ्याने चाचपलं, मग पट्टी लावून मोजलं आणि मान हलवली. विमान सकाळपर्यंत उभं राहिलं. साडेतीनशेच्या वर माणसं हॉटेलात गेली. चढवलेलं गरम जेवण तितक्या वेळाने कुणाला द्यायची सोय नसते, म्हणून सगळे कॅसरोल आम्हीच पुन्हा खाली उतरवले आणि फेकले. एका खोचेपायी एवढं सगळं.

म्हणून एखाद्या विमानाचं कौतुक निघालं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, हे जमिनीवर किती वेळ खातं? आणि उभं राहायला किती जागा मागतं?

ए-३८० मुंबईत आलं २०१४ मध्ये. त्याआधी आपल्या सरकारने त्याला भारतात परवानगीच दिली नव्हती. मे महिन्याच्या शेवटी सिंगापूर एअरलाइन्सचं सुरू झालं, जुलैत दुबईच्या एमिरेट्सचं. ऑगस्टअखेर मी निवृत्त होणार होतो, म्हणजे नोकरीच्या अगदी काठावर हे धूड माझ्या वाट्याला आलं. जम्बोच्या खालच्या मजल्याचं दार जमिनीपासून पाच मीटरच्या आसपास, आणि वरच्या मजल्याचं जेवण आतल्या छोट्या लिफ्टने वर जायचं. ए-३८० ला वरचा मजला नाकापासून शेपटीपर्यंत पूर्ण. आत लिफ्ट आहे, पण सगळं तिच्यातून चढवत बसलं तर वेळ पुरणार नाही. म्हणून वरच्या दाराला थेट लागणारी वेगळी हाय-लिफ्ट लागते. ते दार सुमारे आठ मीटरवर. म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत सिलिंडर बाहेरून चढवण्यासारखं. पहिल्यांदा मी वर गेलो तेव्हा शेजारच्या बेवर, म्हणजे विमान लावायच्या जागेवर, उभ्या छोट्या ७३७ ची पाठ मला वरून दिसली. वारा होता, आणि चार पाय टेकलेले असूनही खोकं डुलत होतं. माझ्याबरोबरचा पोरगा, नवीनच लागलेला, ट्रॉलीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, ही विमानं बनवणाऱ्याला एकदा इथे आणून उभं करा."

त्याचं म्हणणं अगदीच पोरकट नव्हतं. ए-३८० चे पंख ७९.८ मीटर आहेत. हा आकडा आकाशाने ठरवलेला नाही, विमानतळांनी ठरवलाय. सगळ्यात मोठ्या गटाच्या विमानाला ८० मीटरच्या चौकोनात मावावं लागतं, म्हणून एअरबसने पंख त्या रेषेला जेमतेम आत ठेवले. त्याखालचा गट ६५ मीटरपर्यंतचा. जुनी जम्बो, ७४७-४००, त्यात बसते, ७७७ बसतं, ७८७ आणि ए-३५० ही बसतात. ए-३८० साठी मात्र रुंद टॅक्सीवे हवा, वेगळी बे हवी, वरच्या मजल्याला वेगळा पूल हवा, आणि आमच्यासारख्यांना नवी गाडी. जगातल्या थोड्याच विमानतळांनी हा खर्च केला, आणि तोही मोजक्या बेंवर.

नाशिककरांनी इथे टाळी देऊ नये, कारण बोइंगनेही हीच चूक केली. २००५ नंतर त्यांनी जम्बोला लांब करून ७४७-८ काढलं, पंख ६८.४ मीटर केले, आणि तेही मोठ्या गटात जाऊन बसलं. त्याची प्रवासी आवृत्ती पन्नासही खपली नाही. जे काय चाललं ते मालवाहू. तिथे मात्र जम्बोच्या आखणीतली एक जुनी अक्कल कामी आली. साठच्या दशकात पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीचे हुआन ट्रिप आणि बोइंगचे जो सटर यांनी हे विमान ठरवलं तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की प्रवासी लवकरच आवाजाहून वेगवान विमानांकडे जातील आणि जम्बोला पुढे माल वाहावा लागेल. म्हणून कॉकपिट वर कुबडावर नेलं, नाक मोकळं ठेवलं. मालवाहू जम्बोचं नाक जबड्यासारखं वर उघडतं आणि लांबलचक पाइप सरळ आत जातो. ए-३८० चं कॉकपिट दोन मजल्यांच्या मध्ये आहे, नाक उघडायची सोय नाही. फेडएक्स आणि यूपीएस या माल पोचवणाऱ्या कंपन्यांनी मालवाहू ए-३८० मागवलं होतं, पण काम रखडल्यावर २००६-०७ मध्ये दोघांनीही मागणी मागे घेतली. प्रवाशांनी सोडलेली कितीतरी जम्बो आज माल वाहतायत. ए-३८० ला ती सोयच नाही.

ते रखडण्याचं कारण तर आमच्या किचनमध्ये शोभेल असं होतं. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. एअरबसच्या हॅम्बर्गच्या कारखान्यातली मंडळी आराखड्याच्या सॉफ्टवेअरची एक आवृत्ती वापरत होती, तुलूजची दुसरी. तयार वायरी तुलूजला आल्या आणि आखूड पडल्या. दोन स्वयंपाक्यांनी एकाच पदार्थाला वेगवेगळी वाटी घेतली तर दुसरं काय होणार?

मुंबईपुरतं आणखी एक. आपल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. गर्दीच्या तासाला पंचेचाळीसच्या आसपास विमानं चढतात-उतरतात. मोठ्या विमानामागे हवेत भोवरे राहतात, म्हणून मागच्याला अंतर ठेवून आणावं लागतं. जम्बोमागे मध्यम आकाराच्या विमानाला पाच सागरी मैल, ए-३८० मागे सात. त्याचा पायलट रेडिओवर स्वतःच्या नावापुढे 'सुपर' लावतो, म्हणजे ऐकणाऱ्याने समजून घ्यावं. तर ए-३८० पाचशे माणसं एका खेपेत आणतं हे खरं, पण मागे मोकळी जागाही मागतं. तरीही माझ्या मते मुंबईसारख्या तुंबलेल्या विमानतळाला ते परवडतं, आणि इथे मी पुण्याच्या वाचकांच्या बाजूने आहे. आपल्या आणि दुबईच्या करारात विमानं मोजत नाहीत, आठवड्याच्या सीटा मोजतात, दोन्ही बाजूंना सुमारे ६६ हजार. स्लॉट, म्हणजे विमान उतरण्या-उडण्याची नेमून दिलेली वेळ, मिळत नाही आणि सीटा तर हव्यात, मग एकाच स्लॉटमध्ये पाचशे माणसं कोंबणारं विमान कुणाला नको? एमिरेट्सला हे गणित नेमकं कळलं. विकल्या गेलेल्या २५१ ए-३८० पैकी १२३ त्यांच्याकडे गेली. एकाच गिऱ्हाइकाने जवळपास अर्धा माल उचलला तर दुकान कितपत चालेल, हे मात्र एअरबसला आधी कळायला हवं होतं.

(त्याच एमिरेट्सच्या ए-३८० मध्ये वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाला अंघोळीची सोय आहे. पाणी मिळतं पाच मिनिटांचं. मी घरी सांगितलं तेव्हा आमची सौ. म्हणाली, "मग आपल्या डोंबिवलीत काय वेगळं आहे?")

दुबईच्या त्या खेपेत जेवण कसं द्यायचं, हा वेगळा विषय. तीन तासांचा प्रवास, त्यातली चढाई-उतराई वजा केली की हातात दीड-दोन तास, आणि पाचशे ताटं. त्यात आपले लोक. 'एव्हीएमएल', म्हणजे आपलं शाकाहारी जेवण, आधी सांगून ठेवलेलं नसलं तरी ऐनवेळी मागणारे किती, याचा अंदाज बांधण्यात माझी निम्मी नोकरी गेली. रत्नागिरी-चिपळूणकडची मंडळी असतील तर काय लागेल आणि केरळची असतील तर काय, हे आम्हाला आकड्यांवरून नव्हे, बाहेर पार्किंगमध्ये सोडायला आलेल्यांच्या गर्दीवरून कळायचं.

आता ठाण्याच्या बाईंबद्दल. त्यांचं मूळ म्हणणं बरोबर आहे, फक्त कारण अर्धवट दिलंय. त्या म्हणतात नवी विमानं कार्बनच्या हलक्या धाग्यापासून बनतात म्हणून जिंकली. त्याआधीचं म्हणजे इंजिनावरचा विश्वास. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानाला जवळच्या विमानतळापासून तासाभराच्या आतच राहावं लागे, त्यामुळे समुद्र ओलांडायला तीन-चार इंजिनं हवीतच. १९८५ पासून ही मर्यादा सैल होत गेली आणि ७७७ ने तर चार इंजिनांचं काम दोनांत करून दाखवलं. एअर इंडियाच्या ७४७-४०० मध्ये ४२३ सीटा होत्या, ७७७-३०० ईआर मध्ये साडेतीनशेच्या आत-बाहेर. सत्तर-ऐंशी सीटांसाठी आणखी दोन इंजिनांचं तेल कोण जाळेल?

आम्हाला किचनमध्ये हा बदल जेवणातून कळला. पूर्वी न्यूयॉर्कचं जम्बो लंडनला थांबायचं. आम्ही लंडनपर्यंतचं चढवायचो, पुढचं तिथलं किचन बघायचं. २००७ साली मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमान सुरू झालं, तेव्हा सोळा तासांचं सगळं इथूनच न्यायचं होतं. रात्रीचं जेवण, मधलं खाणं, उतरण्याआधीचा नाश्ता. ट्रॉल्या वाढल्या, ड्राय आइस वाढला, आणि गॅली, म्हणजे विमानातलं स्वयंपाकघर, मात्र जम्बोपेक्षा लहान. पहिल्या आठवड्यात आमच्या एका लोडरने ब्रेडचा खोका शौचालयाच्या दारापाशी ठेवून दिला, कारण आत जागाच उरली नव्हती. त्याला एअर होस्टेसने जे ऐकवलं ते छापता येणार नाही.

एअरबस म्हणत होती की मोठ्या विमानतळांवर गर्दी होईल, म्हणून मोठी विमानं लागतील. बोइंग म्हणत होती की लोक मधलं विमानतळ टाळून थेट जातील. गंमत म्हणजे १९९३ पासून दोनेक वर्षं बोइंग आणि एअरबसमधल्या कंपन्या मिळून एकाच अजस्र विमानाचा अभ्यास करत होत्या. मग फिसकटलं. ज्यांच्यासाठी आपण इथे हमरीतुमरीवर येतो, ते एका टेबलावर बसले होते. दोन्ही कंपन्या परदेशी आणि भांडण मात्र सदाशिव पेठेतलं. एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमानं मागवली तेव्हा २५० एअरबसला दिली आणि २२० बोइंगला. गिऱ्हाईक दोन्ही दुकानांत उधारी ठेवतं, नाहीतर भाव कोण पाडणार? आणि ज्यांना बोइंग परकी वाटते त्यांनी नागपूरला मिहानमध्ये जाऊन यावं, ७८७ च्या फरशीखालचे बीम तिथे बनतात.

एका गोष्टीचा मात्र राग आला, तो लिहितो. पुण्याच्या पत्रात बोइंग ७८७ च्या अहमदाबादच्या अपघाताचा उल्लेख एअरबसच्या खात्यात एक गुण जमा करावा तसा आला आहे. १२ जून २०२५ ला २६० माणसं गेली. ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत ३४६ गेली, आणि तिथे बोइंगने यंत्रणेची माहिती पायलटांना नीट दिली नव्हती, हे चौकशीत सिद्ध झालंय. त्याबद्दल बोइंगला वाट्टेल ते बोला, मीही बोलतो. पण प्रत्येक अपघात बनवणाऱ्याच्या पाटीवर लिहिता येत नाही. ज्या 'एम्परर अशोक'साठी आम्ही पत्र्यावर चढलो होतो, ते १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि दोनेक मिनिटांत वांद्र्यासमोरच्या समुद्रात पडलं. २१३ जण होते, एकही वाचला नाही. कॅप्टनसमोरचं एक उपकरण चुकीचं दाखवत होतं, बाहेर समुद्रावर मिट्ट काळोख, आणि विमान कुठे कलतंय हे त्यांना उमगलं नाही. आमच्या चाळीतल्या एका घरातला मुलगा एअर इंडियात होता. त्या विमानावर तो नव्हता, पण हे कळायला सकाळ झाली. ती रात्र ज्यांनी काढली ते असले गुण मोजत नाहीत.

बोइंगच्या पुढच्या ७७७-एक्सचे पंख टोकाला दुमडतात, हे ठाण्याच्या बाईंनी नवल म्हणून लिहिलंय. उडताना ७१.८ मीटर, जमिनीवर दुमडून ६४.८. म्हणजे पुन्हा तीच ६५ मीटरची रेषा. हे विमान पहिल्यांदा उडालं जानेवारी २०२० मध्ये, आणि तारखा पुढे-पुढेच जातायत. पण निदान कुणीतरी बेची रुंदी आधी मोजली, याचा मला आनंद झाला.

एअर इंडियाचं शेवटचं जम्बो २२ एप्रिल २०२४ ला मुंबईहून कायमचं निघालं. धावपट्टी सोडल्यावर पायलटने आधी डावा, मग उजवा पंख झुकवला. मी ते नातवाच्या मोबाइलवर पाहिलं. त्याने चार वेळा लावलं. त्याला पंख दिसत होते, मला मागचं उजवं दार. त्या दाराची कडी जड होती, पावसाळ्यात तर दोघांनी ओढावी लागायची.

जाता जाता, ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं ते. गेल्या रविवारी आपण या वादासोबत जो फोटो छापलात, त्याखाली 'ए-३८०' लिहिलं आहे. ते ए-३८० नाही, जम्बो आहे. खिडक्यांची वरची रांग नाकापासून निघून पंखाच्या अलीकडेच संपते, ते जम्बो. शेपटीपर्यंत जाते, ते ए-३८०. कृपया दुरुस्ती छापावी. नातवाने पैज लावली आहे की आपण छापणार नाही.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त लोडिंग सुपरवायझर,
डोंबिवली (पूर्व)

(नाव-पत्ता सोबत दिला आहे, छापू नये. पत्र लांबलं आहे. कापायचं असल्यास अंघोळीचा परिच्छेद कापावा, सौ. ची हरकत नाही.)